गरुडपंखाची आत्या

शेजारची नेत्साय नवऱ्यापुढं गुडघे टेकून ताट ठेवते हे पद्मिनीबाईंनी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांना वाटलं बाईचं काहीतरी सांडलं असेल, पुसत असेल बिचारी. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा कळलं की सांडलंबिंडलं काही नाही, ही रीत आहे. मग त्यांचं डोकं जे तापलं, ते अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या गुडघाभर बर्फातसुद्धा निवायला तयार नव्हतं.

"घर कुणाच्या नावावर गं त्यांचं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"नेत्सायच्या," हिमानी म्हणाली. "पीएचडी करते ना ती, बियाण्यांवर. युनिव्हर्सिटीचं हाउसिंग तिला मिळालंय. तापिवा तिच्या व्हिसावर आलाय. डिपेंडंट. मी कशी सुशांतच्या व्हिसावर आहे, तसं."

"म्हणजे तो तुझ्यासारखा घरी बसणारा, आणि गुडघे हिनं टेकायचे?"

"आई, हळू. भिंती पातळ आहेत. झिंबाब्वेचे आहेत ते, शोना लोक. त्यांचं कल्चर आहे."

"कल्चर!" पद्मिनीबाईंनी तो शब्द खवट शेंगदाण्यासारखा थुंकला. "आमच्याकडं याला रीतभात म्हणायचे. नाव गोंडस ठेवलं की जोखड हलकं होतं होय?"

पद्मिनीबाई कराडजवळच्या. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर बरा होता म्हणून. पण पंधरा माणसांचं घर त्यांनी नुसत्या नजरेवर चालवलं होतं, आणि त्या ओसरीवर आल्या की दीरसुद्धा तंबाखूची पुडी खिशात घालायचे. लेकाकडं सहा महिने राहायला म्हणून अमेरिकेत आल्या. इथं धाक दाखवायला माणसंच नव्हती. नेत्साय तेवढी सापडली.

ओळख झाली ती भाजीवरून. तिनं एकदा पालेभाजी आणून दिली. पद्मिनीबाईंनी घास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हिनं शेंगदाण्याचं कूट घातलंय!" तेव्हापासून ती आपली. हिमानीनं मधे बसून दोघींचं एकमेकींना सांगायचं. नेत्सायचं इंग्रजी मराठीत, सासूबाईंचं मराठी इंग्रजीत. पद्मिनीबाई एवढं मोठं बोलायच्या आणि हिमानी एवढंसं सांगायची. "मीठ कुठं गेलं त्यातलं?" म्हणून त्या ओरडायच्या, आणि न समजताच नेत्साय हसायची.

थंडीत तापिवा गावी गेला. थोरल्या भावाला जाऊन वर्ष झालं होतं, वर्षाचा विधी होता. सहा आठवड्यांनी परत आला आणि नेत्सायचं हसणं बंद झालं. लॅबमधून आली की स्वतःच्या दारावरून पुढं जायची आणि यांच्या दारावर थाप मारायची. बसायची. उठायचं नाव नाही. कोट अंगावर तसाच.

आठवडा असा गेला. मग एका दुपारी पद्मिनीबाईंनी चहाचा कप तिच्या हातात दिला आणि सुनेला म्हणाल्या, "विचार तिला. घरात साप शिरल्यासारखी का बाहेर बसते म्हणावं."

नेत्सायनं सांगितलं. हिमानीनं आधी नीट भाषांतर केलं, मग तिचा आवाज बारीक होत गेला.

भावाचा विधी झाला. मेलेल्याचा आत्मा घरी आणला. मग त्याचा घोटीव लाकडी सोटा विधवेच्या हातात दिला. सगळे दीर ओळीनं बसलेले, तिच्या पोरी मागं. तिनं तो ज्याच्या हातात द्यायचा, तो तिचा धनी. तिनं तापिवाच्या हातात दिला.

"आणि यानं घेतला?"

"नाही म्हणणं म्हणजे भावाच्या घरावर पाणी सोडणं, असं मानतात."

"बरं, घेतला तर घेतला. भावजय आईसारखी. पोरींना शिकव, घर शाकारून दे. त्यात वाईट काय?"

हिमानी लाल झाली. "आई, धनी म्हणजे तसं नाही. नवरा म्हणून. सहा आठवडे तो तिच्याच घरात होता."

नेत्सायनं पिशवीतून एक फोटो काढला. विधीच्या दिवशीचा. तापिवानं कौतुकानं आणला होता. मधे तो, हातात सोटा. शेजारी भावजय, नवं लुगडं नेसल्यासारखी छापील कापडात गुंडाळलेली. गळ्याची हाडं अशी वर आलेली की त्यांच्या खळगीत पाणी साठावं. ओठांचे कोपरे फाटलेले. केस विरळ.

हा चेहरा पद्मिनीबाईंनी पाहिला होता. रंग वेगळा, देश वेगळा, चेहरा तोच. त्यांच्या भावाची लेक, कृष्णा. नवरा हायवेवर ट्रक चालवायचा. तो आधी वाळला, खोकून खोकून गेला. लोक म्हणाले टीबी, काही म्हणाले करणी. मग कृष्णा वाळायला लागली, तेव्हा मात्र सासरच्यांना रोगाचं खरं नाव एकदम आठवलं, आणि हिनंच तो घरात आणला म्हणून तिला उन्हात उभं केलं. पद्मिनीबाईंनी तिला बैलगाडीत घालून आपल्या घरी आणली. शेवटचे दिवस पंख्यानं वारा घातला. एकदा कृष्णानं डोळे उघडून विचारलं होतं, "आत्या, त्या वेळी मी त्यांना नको म्हणाले असते, तर माझ्या बाजूनं कुणी बोललं असतं का गं?"

पद्मिनीबाई नुसता वारा घालत राहिल्या होत्या.

"कशानं गेला हिचा दीर?" त्यांनी विचारलं.

"टीबी म्हणाले," हिमानी म्हणाली. "कुणी म्हणालं, करणी."

"हो. करणीच. बाप्याची करणी." त्यांनी फोटो उलटा ठेवला. "तिचा राग नाही हो मला. तिनं सोटा दिला नसता तर तिला आणि पोरींना त्या घरात ठेवलं असतं का कुणी? पण हा परत आला त्याला आठवडा झाला. ही... विचार तिला. तो जवळ आला का?"

"आई!"

"विचार म्हणते ना. लाज राखायची वेळ आहे होय ही?"

नेत्सायनं मान हलवली. नाही. महिन्याची अडचण सांगितली, मग परीक्षा सांगितली, मग पोटदुखी. आता सबबी संपल्या. त्याला म्हणाली, आधी रक्त तपासून ये. तो म्हणाला, लग्नात दिलेल्या माझ्या गाई तुझ्या बापाच्या गोठ्यात आहेत, आणि तू माझं रक्त तपासणार? मग ती म्हणाली, निदान ते वापर... इथं हिमानी अडखळली.

"काय ते?"

"ते... प्रोटेक्शन. म्हणजे..."

"निरोध म्हण की सरळ! गावोगावच्या भिंतींवर सरकारनं रंगवून ठेवलंय, तुलाच तोंडाला फोड येतात. मग? काय म्हणाला?"

"म्हणाला, ते बाजारातल्या बायकांसाठी असतं. लग्नाच्या बायकोनं मागितलं तर ती नवऱ्याला तरी छिनाल ठरवते नाही तर स्वतःला. आणि मग त्यानं तिच्या तेतेला फोन लावला, गावाला. तेते म्हणाली, पुरुष हा बैल असतो बाळ, त्याला एका कुंपणात कोंडता येत नाही. सहन कर."

"ही तेते कोण सटवी?"

"आंट. बापाची बहीण."

"मग आत्या म्हण ना!" पद्मिनीबाई ताडकन उठल्या. चहा सांडला. "आत्या असून असं बोलली? भाचीला विहिरीच्या काठावर बघून आत्यानं मागून ढकललं?"

नेत्सायनं सांगितलं, की तिच्या लोकांत बायकोनं अंथरुणातली गोष्ट स्वतःच्या तोंडानं बोलायची नसते. तिनं बोललेलं नवऱ्याच्या कानाला शिवी वाटते. तेते बोलते. तेतेपुढं जावयाला वर मान करता येत नाही, तो जमिनीवर बसतो, टाळ्या वाजवून मान देतो. पण तिची तेते तर त्याच्याच बाजूची झाली. इथं तिच्या देशाच्या बायका आहेत त्या सगळ्या त्याच्या चर्चमधल्या. एकीला सांगावं तर रविवारपर्यंत सगळ्यांना.

"जावई जमिनीवर बसतो?" पद्मिनीबाईंना पुढचं ऐकूच आलं नाही. "सासरच्यांपुढं? आणि आम्ही मेल्या जन्मभर जावयाचे पाय धुतले! हे कल्चर मात्र मला पटलं बाई. मग मी बसते की आत्या म्हणून."

नेत्साय कसनुसं हसली. तसं चालत नाही. तेते आपल्याच कुळाची लागते. प्रत्येक कुळाचं एक जनावर नाही तर पाखरू असतं, ते मारायचं नाही, खायचं नाही, त्या कुळात लग्न करायचं नाही. तिचं कुळ हुंग्वे.

"हुंग्वे म्हणजे?"

"एक पक्षी. मासे पकडणारा. गरुडच म्हणा."

पद्मिनीबाई हळूच खाली बसल्या. "हिमानी, लग्नात देवक बसवतात ते सांग तिला. माझ्या माहेरचं देवक काय ते ठाऊक आहे का तुला? कुठलं असायला. गरुडपंख. माझ्या भावाचं तेच, कृष्णाचं तेच."

हिमानीनं सांगितलं. नेत्सायनं कप खाली ठेवला. दोन्ही तळवे वाटीसारखे करून एकमेकांवर आडवे धरले आणि हळू, पोकळ आवाजात टाळ्या वाजवल्या. मग म्हणाली, "तेते."

त्याचं भाषांतर कुणाला मागावं लागलं नाही.

रविवारी दुपारी तापिवा चर्चहून आला तेव्हा त्याच्या खुर्चीत पद्मिनीबाई बसलेल्या होत्या. हिरवं लुगडं, वर सुशांतचा जाड कोट, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. शेजारी हिमानी, फाशीला नेल्यासारखी. नेत्साय स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी होती.

तापिवा उंच, गोड बोलणारा गडी. ही माझी तेते, असं नेत्सायनं सांगितलं तसा आधी हसला. "इंडियाहून आणलेली तेते?" मग नेत्साय एकच शब्द बोलली, हुंग्वे, आणि पद्मिनीबाईंकडं बोट केलं. त्याच्या तोंडावर हसू तसंच राहिलं, पण गुडघे सवयीनं वाकले. तो गालिच्यावर बसला. तळवे सपाट जुळवून टाळ्या वाजवल्या. हसण्यावारी का होईना, वाजवल्या.

"सांग त्याला," पद्मिनीबाई म्हणाल्या, "भाऊ गेला त्याचं वाईट वाटलं. पण भाऊ ज्या रोगानं गेला तो रोग बायकोला ठेवून गेला. ती बाई हाडाची काडी झालीय, फोटोत दिसतंय. तू तिथं सहा आठवडे राहून आलास. आता आधी डॉक्टरकडं जायचं, रक्त द्यायचं. तोवर माझ्या भाचीच्या अंथरुणाला शिवायचं नाही. आणि मीठ काढू नकोस गं."

हिमानीनं या वेळी मीठ काढलं नाही. तापिवाचा जबडा घट्ट झाला. पण आवाज मऊच. "तेते, माझा भाऊ मातीत आहे. तो उत्तर द्यायला येऊ शकत नाही. त्याची बदनामी करू नका."

"मेलेल्याचा मान राखायला जिती बाई मारायची? असला कसला रे मान?"

"मी रीतीनं लग्न केलंय. तिच्या घरी गाई पोचवल्यात. माझी तेते, तिची तेते, सगळे म्हणतात पुरुष बैल असतो."

"असू दे की बैल!" पद्मिनीबाई खुर्चीत पुढं सरकल्या. "आमच्याकडं पण देवाला सोडलेला पोळ असतो. सगळ्यांच्या रानात तोंड घालतो, कुणी काठी उगारत नाही. पण तोच पोळ रोगट निघाला ना, तर गाव काय करतं ठाऊक आहे? दाव्याला बांधतं आणि गुरांचा डॉक्टर आणतं. कारण गावाला गाईंची किंमत असते. तू गाई दिल्यास म्हणतोस आणि तुला गाईची किंमत नाही? अरे, सुईच टोचायची आहे. बाळंत नाही व्हायचं तुला."

हिमानीच्या तोंडून शेवटचं वाक्य निघालं तेव्हा ओट्यापाशी नेत्सायच्या घशातून एक आवाज आला. हसू होतं की हुंदका, कळलं नाही. तापिवानं तो ऐकला. बायको आपल्यावर हसली एवढंच त्याला कळलं.

तो उठला. जमिनीवरून उठून पद्मिनीबाईंच्या अंगावर सावली पडेल असा उभा राहिला. खिशात हात घातला, एक नाणं काढलं आणि टेबलावर त्यांच्यापुढं आपटलं. काहीतरी म्हणाला.

"तो म्हणतोय," हिमानी पुटपुटली, "घ्या तर मग. घेऊन जा तुमची मुलगी."

पद्मिनीबाईंना पुढचं काही दिसेना. नाणं! त्यांच्यापुढं! दारात आलेल्या भिकारणीपुढं टाकावं तसं! सत्तर वर्षांत त्यांच्यापुढं कुणाची अशी छाती झाली नव्हती. त्यांनी नाणं उचललं आणि असं भिरकावलं की ते फ्रिजच्या दारावर ठण्‌कन आपटून गरागरा फिरत खाली गेलं, फ्रिजच्या पोटाखाली.

"ठेव तुझी भीक तुझ्यापाशी, मुडद्या!"

नेत्सायनं दोन्ही हात तोंडावर धरले होते. आणि तापिवा मात्र हसत होता. तो परत बसला. पण या वेळी गालिच्यावर नाही, टेबलापाशी, खुर्चीत.

"थँक यू, तेते," तो म्हणाला. मग शांतपणे, मुलांना शिकवावं तसा बोलत राहिला, आणि हिमानीचा आवाज त्याच्या मागून बुडत गेला.

"आई, ती भीक नव्हती. त्यांच्याकडं नवऱ्यानं बायकोला सोडायची असते ना, तेव्हा तो तेतेपुढं नाणं ठेवतो. तेतेनं ते घेतलं की मोकळीक झाली. आणि फेकलं तर त्याचा अर्थ, आमच्या मुलीला सोडू नका. तिला ठेवून घ्या, ती होती तशी राहील. तो म्हणतोय, तिच्याच तेतेनं सगळ्यांसमोर सांगितलं. आता विषय संपला."

पद्मिनीबाईंच्या हाताला अजून नाण्याचा गारवा होता. तो हात त्यांनी मांडीवर ठेवला, जणू दुसऱ्याचा आहे. "मला कुठं ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "सांग त्याला. परदेशी बाईला काय ठाऊक. परत टाक म्हणावं. या वेळी झेलते."

तापिवानं मान हलवली. रीत म्हणजे रीत. सोयीची तेवढी घ्यायची, असं नसतं.

चार गल्ल्यांना पुरून उरणारी पद्मिनीबाईंची जीभ टाळूला चिकटून बसली. तिच्या बाजूनं बोलायला आले होते, आणि बोलले ते असं! कृष्णा डोळ्यांपुढं आली. नुसती बघत राहिली.

तापिवानं कोटाच्या बाह्या वर सारल्या, दोन्ही हात पुढं धरले आणि ओट्याकडं न बघता म्हणाला, "नेत्साय, पाणी." जेवणाआधी बायकोनं तांब्या नि घंगाळ आणून नवऱ्याच्या हातावर पाणी घालायचं, हीही एक रीत.

नेत्साय हलली. फ्रिजपाशी गेली. तिथं तिनं गुडघे टेकले.

पद्मिनीबाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांना ते बघवेना.

मग लाकूड फरशीवर घासल्याचा आवाज आला. त्यांनी डोळे उघडले. नेत्साय जमिनीला गाल लावून आडवी झाली होती. हातात पिठलं घाटायच्या पळीसारखी लांब लाकडी पळी धरून तिनं हात फ्रिजखाली खांद्यापर्यंत घातला होता. एकदा पळी ओढली. धुळीचा बोळा आला, वाळलेला वाटाणा आला. तिनं पुन्हा घातली. तापिवाचे हात अजून पुढंच होते. त्यानं मान वळवली.

तिसऱ्या खेपेला नाणं आलं.

ती उठली. धूळ गालाला लागलेली तशीच. नवऱ्याकडं वळून आपल्या भाषेत बोलली. ओरडली नाही, पण थांबलीही नाही. मग तिनं तेच इंग्रजीत म्हटलं, हिमानीसाठी.

"ती म्हणतेय, तेतेनं फेकलं कारण तेतेला अर्थ ठाऊक नव्हता. पण मला ठाऊक आहे. माझ्या बाजूला आलं, मी उचललं. सोडलंस ना? मी सुटले. रीत म्हणजे रीत."

ती पद्मिनीबाईंपुढं आली आणि गुडघे टेकले. नाणं त्यांच्या तळव्यावर ठेवलं, त्यांची बोटं एकेक करून मिटवली आणि मूठ आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरली.

"या वेळी फेकू नका, तेते."

पद्मिनीबाईंनी पदराचं टोक ओढलं, नाणं त्यात ठेवलं आणि गाठ मारली. वर आणखी एक गाठ मारली. दातांनी आवळली. जीभ टाळूपासून सुटली होती.

"हिमानी, सांग त्याला. लेक रीतीप्रमाणं आज आत्याच्या घरी येते. ते भिंतीपलीकडं आहे, लांब नाही. उद्या मात्र ती परत इथं येणार, कारण घर तिच्या नावावर आहे. तोवर त्यानं आपला बोजा बांधायचा. आणि पुढंमागं रक्त तपासलं, कागद हातात आला, तर माझ्या दाराबाहेर जमिनीवर बसून टाळ्या वाजवाव्यात. उघडायचं की नाही ते आम्ही बघू. आत्या आणि भाची."

हिमानीनं सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. वर स्वतःचा एखादा घातला असावा, कारण सासूबाईंच्या बोलण्यापेक्षा ते लांब झालं.

तापिवा टेबलापाशी तसाच बसला होता. बाह्या वर, कोरडे हात पुढं धरलेले, ते कुठं ठेवावेत हे न कळल्यासारखे.

पद्मिनीबाई दारापर्यंत गेल्या, नेत्सायच्या खांद्यावर हात ठेवून. तिथून मागं वळल्या.

"आणि त्याला म्हणावं, पाणी नळाला आहे."